हिरड्यांतून रक्त आणि वाढलेली साखर: तोंडातल्या जिवाणूंचा बाकी शरीराशी खरंच किती संबंध?

ओवी
बाबांचं वय ६७, नाशिकला असतात. मधुमेह जुना आहे. गोळ्या वेळेवर, रोजचं चालणं चुकत नाही, गोड बंद, तरी एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) आठच्या खाली यायला तयार नाही. या वेळी डॉक्टरांनी इन्सुलिनचा विषय काढला, पण त्याआधी टॉर्च घेऊन तोंड बघितलं आणि म्हणाले, "आधी हिरड्यांच्या डॉक्टरांना दाखवून या, मग ठरवू." बाबांना हे अजिबात पटलेलं नाही. दात हलतात ते वयानं, ब्रशला रक्त लागतं ते कित्येक वर्षं लागतंय, त्याचा साखरेशी काय संबंध, असं त्यांचं म्हणणं.

मी वाचायला बसले तर हार्ट अटॅक, संधिवात, विस्मरण, आतड्याचा कॅन्सर, सगळंच तोंडातल्या जिवाणूंच्या माथी मारलेलं दिसलं. भीती वाटते, आणि इतक्या आजारांना एकच कारण सांगितलं की विश्वासही बसत नाही. यातलं सिद्ध झालेलं काय आणि अंदाज काय? प्रतिकारशक्तीचा यात नेमका भाग कोणता? इथे डॉक्टर मंडळी आहेत, घरात हे बघितलेलेही असतील. सविस्तर लिहा, बाबांना वाचून दाखवणार आहे.

चहाबाज
हिरड्यांतून रक्त आमच्या घरात सगळ्यांनाच येतं. जोरात घासलं की येणारच. मऊ ब्रश घ्या, थांबेल.

मोगरा
@चहाबाज, मऊ ब्रश घ्यावाच, पण निरोगी हिरडीतून नीट घासल्यावर रक्त येत नाही. माझ्या बहिणीला रक्त यायचं म्हणून ती तेवढा भाग सोडून घासायची. तिथे थर साचला, रक्त आणखी वाढलं. शेवटी क्लिनिंग करून घेतलं आणि तोच भाग रोज घासायला लागली, तेव्हा थांबलं.

गोदाकाठ
मी हिरड्यांच्या आजारांचीच डॉक्टर आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. ओवी, तुमच्या बाबांच्या डॉक्टरांचं मला फार कौतुक वाटलं. टॉर्च घेऊन तोंड बघणारे फिजिशियन कमी भेटतात.

तोंडात जिवाणूंच्या ७०० च्या वर जाती सापडलेल्या आहेत. एकेका माणसाच्या तोंडात त्यातल्या साधारण शे-दोनशे नांदतात. बहुतेक निरुपद्रवी, काही चक्क उपयोगी. १६८३ मध्ये लेव्हेनहूक या डच संशोधकानं दातांवरचा पांढरा थर खरवडून आपल्या भिंगाखाली धरला आणि त्यातली वळवळ बघून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. म्हणजे माणसानं पहिल्यांदा पाहिलेल्या जिवाणूंत दातांवरचे होते.

आता हिरडीकडे या. सगळं शरीर सलग आवरणानं झाकलेलं आहे. दात मात्र हाडातून निघून ते आवरण भेदून बाहेर येतो. त्या जागी हिरडी दाताला घट्ट चिकटून दार बंद ठेवते, आणि त्या दारावर पांढऱ्या पेशींचा, विशेषतः न्यूट्रोफिल्सचा, दिवसरात्र पहारा असतो. अगदी निरोगी हिरडीतही असतो. शिवाय लाळेत आयजीए नावाची प्रतिपिंडं, लायसोझाइम, लॅक्टोफेरिन ही संरक्षक द्रव्यं असतात. थर रोज निघत असेल तर एवढा बंदोबस्त पुरतो.

थर साचत गेला की त्याच्या खालच्या भागात प्राणवायू पोचत नाही आणि वेगळ्याच जाती माजतात. त्यातला सगळ्यात अभ्यासलेला म्हणजे पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस. हा संख्येनं थोडाच असतो, पण पांढऱ्या पेशींची मारण्याची ताकद लुळी करतो आणि सूज मात्र चालू ठेवतो. कारण सुजलेल्या हिरडीतून झिरपणारी प्रथिनं आणि रक्तातलं लोह हेच त्याचं अन्न. प्रतिकारशक्तीला जिंकूही द्यायचं नाही आणि थांबूही द्यायचं नाही, असा त्याचा कारभार. दाताभोवतीचं हाड झिजतं ते बहुतांशी जिवाणूंनी खाल्ल्यामुळे झिजत नाही. वर्षानुवर्षं न संपणाऱ्या या लढाईत आपल्याच पेशी हाड विरघळवायचे संदेश देत राहतात.

निरोगी तोंडात दात आणि हिरडी यांच्यामधली फट १ ते ३ मिलिमीटर असते. आजारात ती ५, ६, ७ पर्यंत जाते, त्याला आम्ही पॉकेट म्हणतो. बळावलेल्या आजारात सगळ्या दातांभोवतीची पॉकेट्स उलगडून मोजली तर सुजलेला पृष्ठभाग ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतो. मधुमेही माणसाच्या पायावर एवढी ओली जखम असती तर अख्खं घर धावलं असतं. तोंडात ती दुखत नाही आणि दिसत नाही, म्हणून दहा-दहा वर्षं तशीच राहते.

त्या सुजेतून आयएल-६, टीएनएफ-अल्फा अशी सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात जातात. यकृत सीआरपी हे सुजेची खूण असलेलं प्रथिन वाढवतं. ही द्रव्यं इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात, म्हणून साखर वाढते. उलट बाजूनं, रक्तात साखर जास्त असली की न्यूट्रोफिल्स नीट काम करत नाहीत, जखम भरत नाही आणि हिरडी आणखी बिघडते. रस्ता दोन्हीकडून चालू आहे. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ नं उतरतं, असा कॉक्रेनच्या (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारी संस्था) २०२२ च्या आढाव्याचा निष्कर्ष आहे.

चहाबाज
@गोदाकाठ, वाचून आधी आरसा गाठला. सोमवारी अपॉइंटमेंट घेतो.

कोकणकडा
गोदाकाठताई, उत्तम लिहिलंय. पण ओवींनी "सिद्ध काय आणि अंदाज काय" असं विचारलंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

एक म्हणजे ०.४ ही सरासरी आहे. ८.४ चे ८ होतील, ६.५ होणार नाहीत. शिवाय २०१३ मध्ये अमेरिकेत ५१४ मधुमेहींवर मोठी चाचणी झाली, तिच्यात हिरड्यांच्या उपचारानं एचबीए१सी हललं नाही.

दुसरं म्हणजे "सगळ्या रोगांचं मूळ तोंडात" ही कल्पना नवी नाही. १८९१ मध्ये विलोबी मिलर या दंतसंशोधकानं तोंड हे शरीरभरच्या संसर्गाचं केंद्र असल्याचं मांडलं. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरानं मॉन्ट्रियलला भाषण देऊन दंतवैद्यांनाच धारेवर धरलं, सोन्याच्या टोप्यांखाली पू साठवता म्हणून. त्यानंतर दोन-तीन दशकं अमेरिका-इंग्लंडात सांधेदुखी, थकवा, अगदी मानसिक आजार यांवरही उपाय म्हणून लोकांचे दात सरसकट उपटले गेले. आजार बरे झाले नाहीत, माणसं मात्र बोळकी झाली. ते थोतांड ओसरायला १९४० उजाडलं. म्हणून असा दावा ऐकला की मी आधी पुरावा मागतो.

गोदाकाठ
@कोकणकडा, हंटरचा इतिहास आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवा. २०१३ च्या चाचणीत उपचारानंतरही बऱ्याच जणांच्या दातांवर थर तसाच होता, म्हणजे मुळात हिरड्याच पुरत्या सुधारल्या नव्हत्या, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप. त्यानंतरच्या चाचण्या धरूनच २०२२ चा आढावा आहे. आणि ०.४ ला कमी लेखू नका. मधुमेहाची दुसरी गोळी सुरू केल्यावर कधीकधी एवढाच फरक पडतो. गोळी बंद करा असं मात्र कुणी म्हणत नाही.

पुणेरी_आजोबा
माझे वय ८१. लहानपणी राखुंडी, मग बाभळीचे दातण, पुढे दंतमंजन. ब्रश हातात आला तो नोकरी लागल्यावर. आज २६ दात स्वतःचे आहेत, चणे-फुटाणे खातो. माझा धाकटा भाऊ दोन वेळा ब्रश करायचा, त्याची साठीतच कवळी झाली. मग जिवाणूंचे हे शास्त्र आम्हा दोघांना कसे लावायचे? मनापासून विचारतो आहे.

रानवारा
आजोबा, तुमच्या प्रश्नाला फार सुंदर उत्तर आहे आणि ते श्रीलंकेतून आलंय.

नॉर्वेजियन संशोधक हाराल्ड ल्यो यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये एक साधा प्रयोग केला होता. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासायला लागल्यावर आठवडा-दीड आठवड्यात पूर्ववत झाल्या. म्हणजे थर साचला की सूज येते, हे पक्कं झालं.

मग १९७० पासून पंधरा वर्षं त्यांच्या गटानं श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरचे ४८० पुरुष कामगार तपासले. या लोकांकडे ब्रश नव्हता, दातांचे उपचार नव्हते. सगळ्यांच्या दातांवर भरपूर थर, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. खाणं, काम, राहणी जवळपास सारखी. तरी निकाल तीन तऱ्हांचा. सुमारे ८ टक्के लोकांचा आजार झपाट्यानं वाढला आणि तरुणपणीच दात पडत गेले. ८१ टक्क्यांचा मध्यम गतीनं वाढला. आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही, हाड शाबूत राहिलं!

जिवाणूंचा थर सगळ्यांवर सारखाच होता, शरीरं वेगळी होती. कुणाची प्रतिकारशक्ती बेतानं उत्तर देते, कुणाची गरजेपेक्षा पेटते, कुणाची कमी पडते. यात आनुवंशिकता येते, तंबाखू येते, मधुमेह येतो. तुम्ही त्या ११ टक्क्यांतले असाल. धाकट्या भावाला तंबाखू किंवा साखरेचा त्रास होता का?

मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. जिवाणू मारून संपवण्यावर आपण फार बोलतो. त्यांना शरीर उत्तर कसं देतं, यावर जवळजवळ बोलतच नाही.

पुणेरी_आजोबा
@रानवारा, भाऊ पानात तंबाखू खात असे, आणि पन्नाशीत साखर निघाली. दोन्ही होते. इतक्या वर्षांनी उलगडा झाला, आभारी आहे.

मोगरा
तंबाखूवरून मिशरी आठवलीच. साताऱ्याकडच्या आमच्या गावात अजूनही बायका सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात, हातावर चुरतात आणि बोटानं हिरड्यांना लावून ओट्यावर बसून राहतात. सासूबाईंच्या पिढीत तर "मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे ठरलेलंच. त्यांच्या हिरड्यांतून कधी रक्त आलं नाही, म्हणून त्या ठामपणे सांगायच्या की मिशरीनं दात घट्ट राहतात. आणि मग एकेक दात न दुखता गळत गेला. हे असं का, ते आम्हाला डेंटिस्टनं सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

गोदाकाठ
@मोगरा, निकोटिननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त येत नाही. शरीर देत असलेली पहिली सूचनाच दाबली जाते आणि आत हाड झिजत राहतं. सिगारेट ओढणाऱ्यांचंही हेच होतं. त्यामुळे तंबाखू, मिशरी, गुटखा यांपैकी काहीही असेल तर "रक्त येत नाही" यावर विसंबू नका, पॉकेट मोजून घ्या. शिवाय तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच. मिशरी सोडल्यावर सुरुवातीला रक्त यायला लागतं आणि बायका घाबरून पुन्हा लावतात. तेव्हा घरच्यांनी सोबत राहायला हवं.

सह्यगिरी
माझा अनुभव हृदयाचा आहे. माझ्या भावाला लहानपणी संधिवाताचा ताप (ऱ्हुमॅटिक फीवर) आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. पुढे झडप बदलली. काही वर्षांनी एका खेपेला दाढ काढली, आधी अँटिबायोटिक घेतलं नव्हतं, विचारणंही झालं नाही. नंतर रोज संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं, भूक नाही. टायफॉइड, मलेरिया, टीबी, सगळं तपासून झालं. शेवटी रक्ताच्या कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकोकस व्हिरिडान्स सापडला आणि इकोमध्ये झडपेवर गाठ दिसली. सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. वाचला. हे मी लिहितोय कारण "तोंडातले जिवाणू हृदयात जातात" यावर कुणाला शंका असेल तर आमच्या घरात तो रिपोर्ट फाइलला लावून ठेवलेला आहे.

कोकणकडा
@सह्यगिरी, हे वाचून अंगावर काटा आला. यावर माझी काहीही शंका नाही, इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या आवरणाचा आणि झडपांचा संसर्ग) हा निर्विवाद संबंध आहे. भावाला सांभाळा.

गोदाकाठ
सह्यगिरी, फार महत्त्वाचं लिहिलंत. यात दोन वेगळे जिवाणू आहेत, लोकांची गल्लत होते. झडप पहिल्यांदा खराब करतो तो घशाचा स्ट्रेप्टोकोकस, तोही स्वतः हृदयात न जाता. त्याच्याशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपेलाच शत्रू समजते. अशा खडबडीत किंवा कृत्रिम झडपेवर मग तोंडातला, एरवी निरुपद्रवी असणारा स्ट्रेप्टोकोकस घर करतो.

कृत्रिम झडप असेल, आधी एंडोकार्डायटिस झालेला असेल, किंवा जन्मजात हृदयदोषाचे काही ठरावीक प्रकार असतील तर दात काढणं, खोल क्लिनिंग अशा कामाआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिक घ्यायचं असतं, मोठ्यांना सहसा ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर वेगळं. २००७ पासून अमेरिकी मार्गदर्शनात यादी साधारण एवढीच ठेवली आहे. नुसती ऱ्हुमॅटिक झडप असेल तर तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा. विचारायचं मात्र प्रत्येक वेळी, आणि दंतवैद्याला खुर्चीत बसायच्या आधी सांगायचं.

यादी आखडली त्यामागचं कारणही कळण्यासारखं आहे. २००८ मध्ये एका अभ्यासात दात काढल्यावर ६० टक्के लोकांच्या रक्तात जिवाणू आढळले, आधी ॲमॉक्सिसिलिन दिलेल्यांत ३३ टक्क्यांच्या, आणि नुसतं दात घासल्यावर २३ टक्क्यांच्या. दात वर्षातून एकदा काढाल, घासाल रोज. त्यामुळे अशा रुग्णांनी हिरड्या निरोगी ठेवणं हे गोळीपेक्षा मोठं संरक्षण आहे.

टोकियोतून
मूळची कोल्हापूरची, इथे वृद्धांच्या देखभालीच्या क्षेत्रात काम करते. जपानमध्ये १९८९ पासून "८०२०" मोहीम आहे, ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात. सुरू झाली तेव्हा दहात एकालाही ते जमत नव्हतं. २०१६ च्या पाहणीत ऐंशीतल्या निम्म्याहून जास्त लोकांना जमलं होतं.

इथे वृद्धाश्रमात तोंडाची सफाई औषधाइतकी गंभीरपणे घेतात. कारण न्यूमोनिया. म्हाताऱ्या माणसाची लाळ झोपेत थोडी थोडी श्वासनलिकेत जाते, आणि तोंड अस्वच्छ असेल तर तिच्याबरोबर जिवाणूंचा लोंढा फुप्फुसात जातो. १९९९ मध्ये इथल्या ११ वृद्धाश्रमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत, ज्यांच्या तोंडाची नियमित सफाई झाली त्यांच्यातल्या ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, बाकीच्यांत १९ टक्क्यांना. दात नसलेल्यांनाही सफाईचा फायदा झाला, हे लक्षात घ्या.

घरी अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर जेवण झाल्यावर बोटाला ओलं फडकं गुंडाळून गालाच्या आतली बाजू, टाळू आणि जीभ पुसा. माणूस आडवा असताना तोंडात पाणी ओतू नका. डोकं उंच करा, मान जराशी पुढे. कवळी रात्री काढून घासून पाण्यात ठेवा. माझ्या आजीच्या शेवटच्या वर्षात हे मी सुट्टीवर असताना करायचे, आणि एरवी मावशीला व्हिडिओवरून दाखवायचे.

चिंचबोर
मग अँटिसेप्टिक माउथवॉशनं सकाळ-संध्याकाळ चुळा भरल्या की काम झालं ना? सगळे जिवाणू साफ.

रानवारा
@चिंचबोर, नको! काही जिवाणूंची आपल्याला गरज आहे. पालक, मेथी, बीट, मुळा यांत नायट्रेट भरपूर असतं. ते पोटात जाऊन रक्तात मिसळतं, तिथून लाळग्रंथी त्यातलं काही लाळेत आणतात, आणि जिभेच्या मागच्या भागातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. हे काम आपल्या पेशींना म्हणावं तसं जमत नाही. गिळल्यावर त्याच नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड बनतं, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब थोडा उतरतो.

लंडनमध्ये निरोगी लोकांना आठवडाभर क्लोरहेक्सिडिनच्या चुळा दिल्या तेव्हा रक्तदाब २ ते ३ अंकांनी चढला, कारण हे जिवाणू मेले. ऑपरेशननंतर किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरतं क्लोरहेक्सिडिन चांगलंच आहे. रोजची सवय म्हणून नको. दातांवर तपकिरी डाग पडतात ते वेगळंच.

चिंचबोर
म्हणजे आई "मेथीची भाजी संपव" म्हणायची ते जिभेवरच्या जिवाणूंच्या वतीनं! आज रात्री मेथीच करते :)

माळावरची
तेलाच्या गुळण्यांबद्दल कुणीतरी सांगा. आमच्याकडे तिळाच्या तेलाच्या गुळण्या करतात. आयुर्वेदात गंडूष सांगितलाय.

गोदाकाठ
@माळावरची, गंडूष आणि कवल दोन्ही जुने प्रकार आहेत. छोट्या चाचण्यांत तेलाच्या गुळण्यांनी थर आणि हिरडीची सूज थोडी कमी झालेली दिसते. आवडत असेल तर करा, ब्रशला पर्याय म्हणून नको. साचून कडक झालेलं कीटण तेलानं निघत नाही. ते दवाखान्यातच काढावं लागतं. आणि हो, क्लिनिंगनं दात सैल होत नाहीत. कीटणानं धरून ठेवलेला, आतून हाड गेलेला दात ते काढल्यावर हलतोय हे जाणवतं, एवढंच.

ईशान्या
मी पाचव्या महिन्यात आहे आणि हिरड्या खूप सुजल्यात. वेळेआधी बाळंतपण होतं असं वाचून रात्री झोप लागली नाही. आत्ता उपचार करून घेऊ का?

गोदाकाठ
@ईशान्या, घाबरू नका. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या तेवढ्याच थराला जास्त भडकतात, बाळंतपणानंतर बऱ्याच निवळतात. हिरड्यांचा आजार आणि वेळेआधी प्रसूती एकत्र आढळतात हे खरं, पण २००६ मध्ये ८२३ गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत हिरड्यांच्या उपचारानं वेळेआधीच्या प्रसूती कमी झाल्या नाहीत. त्याच चाचणीतून हेही कळलं की उपचार आई आणि बाळ दोघांना सुरक्षित आहेत. पाचवा महिना क्लिनिंगला योग्य वेळ. तुमच्या हिरड्यांसाठी करून घ्या, आणि झोपा निवांत.

कोकणकडा
ओवी, तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. मला दिसतं ते असं. एंडोकार्डायटिस पक्कं. वृद्धांचा न्यूमोनिया पक्का. मधुमेहाबद्दल गोदाकाठताईंनी माझं बऱ्यापैकी समाधान केलंय. हार्ट अटॅकचं तसं नाही. १९८९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी अटॅक आलेल्यांचे दात इतरांपेक्षा खराब असल्याचं दाखवलं, नंतर अनेक ठिकाणी तेच दिसलं. पण दातांचे उपचार केल्यानं अटॅक टळतो हे कुणी दाखवलेलं नाही. तंबाखू आणि गरिबी खराब दात आणि अटॅक या दोन्हींमागे असू शकते.

संधिवाताची (ऱ्हुमॅटॉइड) बाजू मला सगळ्यात विलक्षण वाटते. या आजारात शरीर स्वतःच्याच अशा प्रथिनांवर उलटतं, ज्यांतल्या एका घटकाचं सिट्रुलिनमध्ये रूपांतर झालेलं असतं, आणि जिंजिव्हॅलिसकडे प्रथिनांत नेमका हाच बदल करणारं एन्झाइम आहे. दुवा जुळतो, पण सुरुवात तिथूनच होते हे ठरलेलं नाही.

अल्झायमरबद्दल २०१९ मध्ये मोठी बातमी झाली, रुग्णांच्या मेंदूत या जिवाणूची एन्झाइम्स सापडली म्हणून. त्या एन्झाइमवरच्या औषधाची सहाशेच्या वर रुग्णांवर चाचणी झाली. २०२१ मध्ये निकाल आला, स्मृती घसरायची थांबली नाही. त्यामुळे "दात घासा, अल्झायमर टाळा" असं कुणी विकत असेल तर घेऊ नका.

रानवारा
@कोकणकडा, आतड्याच्या कॅन्सरचं राहिलं. तोंडातला फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांना मोठ्या आतड्याच्या गाठींत सापडला. त्याच्या अंगावरचं फॅप२ नावाचं प्रथिन गाठीच्या पेशींना चिकटतं आणि गाठीवर चालून येणाऱ्या प्रतिकारक पेशींचा 'थांबा' म्हणणारा खटका दाबतं. म्हणजे गाठीला आडोसा मिळतो. २०२४ मध्ये त्याचा एक विशिष्ट उपप्रकार जवळपास निम्म्या गाठींत आढळला. कॅन्सर तो सुरू करतो की झालेल्या गाठीत जाऊन बसतो, यावर काम चालू आहे.

ओवी
सगळ्यांचे किती आभार मानू! बाबांना फोनवर अख्खा धागा वाचून दाखवला. पुणेरी आजोबांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला, आणि श्रीलंकेच्या कामगारांचं ऐकून म्हणाले, "म्हणजे मी त्या आठ टक्क्यांतला असू शकतो." दुसऱ्या दिवशी स्वतःहून गेले. मागच्या दाढांभोवती ६ ते ७ मिलिमीटरची पॉकेट्स निघाली, एक दात वाचणार नाही म्हणाले. खोल क्लिनिंगची पहिली बैठक झालीय, उरलेली पुढच्या आठवड्यात. इन्सुलिनचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांनंतरच्या तपासणीवर ठेवलाय.

एक नवीन शंका. पुढच्या दातांची हिरडी नुसती सुजलेली नाही, वाढून दातांवर आलीय. बाबा रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घेतात. त्याचा संबंध असेल का? आणि रक्त पातळ करायची गोळी आहे, दात काढायच्या आधी बंद करायची का?

गोदाकाठ
असू शकतो. ॲम्लोडिपिननं काही जणांची हिरडी वाढते, थर जास्त असेल तर अधिक. फिट्सची फेनिटॉइन आणि किडनी बदलल्यानंतरची सायक्लोस्पोरिन यांनीही वाढते. गोळी स्वतः बंद करू नका. फिजिशियनना चिठ्ठी घेऊन विचारा, रक्तदाबाची दुसऱ्या गटातली गोळी चालते का. बऱ्याचदा क्लिनिंग आणि गोळी बदलणं एवढ्यावर हिरडी उतरते, नाही उतरली तर जास्तीची कापून काढतात.

रक्त पातळ करायची गोळीही आपल्या मनानं थांबवायची नाही. एखादा दात बहुतेकदा गोळी चालू ठेवूनच काढता येतो, पण गोळी कोणती आहे ते दंतवैद्य आणि फिजिशियन दोघांना माहीत हवं.

घरी हे बघा: ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलक्या हातानं, रात्री झोपायच्या आधी चुकवायचा नाही. दातांत फटी पडल्या असतील तर फ्लॉसपेक्षा इंटरडेंटल ब्रश सोपा जातो, योग्य मापाचा डॉक्टरांकडून निवडून घ्या. पहिले काही दिवस रक्त येईल, तरी घासायचं थांबवू नका.

चहाबाज
सोमवारी जाऊन आलो. दोन पॉकेट्स ५ ची निघाली, बाकी ठीक. बायकोचीही अपॉइंटमेंट घेतली. एक विचारायचं होतं, आमच्या कामवाल्या मावशींना मधुमेह आहे आणि दात हलतात. खासगीत परवडणार नाही. कुठे पाठवू? आम्ही मुंबईत.

गोदाकाठ
सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे खर्च खासगीच्या मानानं फारच कमी. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा आणि पेरिओ (हिरड्यांचा) विभाग विचारायचा. साखरेचे ताजे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यायला सांगा. आणि नाश्ता करून, नेहमीची गोळी घेऊन पाठवा, उपाशीपोटी रांगेत उभं राहून साखर उतरते.